कीर्तनांतील प्रश्न

उतारवयांतील चिंता बहुधा मुकी असते. कर्त्या मुलाला ती सांगवत नाहीं, आणि एकट्यानें वाहवतही नाहीं. चारचौघांत ती बोलली गेली कीं तिचा भार उतरतो. वऱ्हाडांत या उपायाचा मोठा प्रयोग गाडगे महाराजांनीं कीर्तनांतून केला, असें माझें मत आहे.

महाराजांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं झाला. वडील दारूपायीं लवकर गेले. बालपण अकोला जिल्ह्यांत, मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुऱ्यास मामांच्या घरीं गेलें. मामांची शेती पुढें सावकारानें गिळली. कर्ज माणसाला आंतून कसें पोखरतें, हें त्यांनीं घरांतच पाहिलें होतें. १९०५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं तें घर सोडलें.

त्यांचें कीर्तन म्हणजे एकट्याचें प्रवचन नव्हे. महाराज वऱ्हाडी बोलींत प्रश्न टाकीत आणि सारा समुदाय उत्तर देई. सण साजरा करावयास, लग्नांत जेवणावळी घालावयास ऋण काढावें काय? पोराला शाळेंत घालावें कीं नाहीं? उत्तर ठाऊक नसे असा कोणी नव्हता. परंतु तें स्वतःच्या तोंडून, शेजाऱ्यांच्या देखत निघे, आणि शेजारीही तेंच म्हणत असे! कर्ज ही आपल्या एकट्याचीच लाज नव्हे, एवढें तरी त्या क्षणीं कळे.

पूर्णाकांठीं ऋणमोचन येथें महाराजांनीं यात्रेकरूंसाठीं घाट बांधविला. गांवाच्या नांवांतच ऋणाची सुटका आहे. ती केवळ स्नानानें होत नाहीं, हें मात्र निराळें. माझे आजोबा सांगत कीं, आमच्या गांवचे एक म्हातारे कीर्तन ऐकून परतले, आणि वर्षानुवर्षें लपविलेला कर्जाचा आंकडा त्यांनीं त्याच रात्रीं मुलांना सांगितला. कर्ज फिटलें नव्हतें. झोंप मात्र लागूं लागली.

पुढें तुकडोजी महाराजांनीं मोझरीच्या गुरुकुंजांतून सामुदायिक प्रार्थना गांवोगांव नेली. तिनें मन शांत होतें खरें. पण मन मोकळें व्हावयास कोणी तरी विचारावें लागतें.

८ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबईस वांद्र्याच्या पोलीस ठाण्यांत गाडगे महाराजांचें अखेरचें कीर्तन झालें. २० डिसेंबरला अमरावतीजवळ त्यांनीं देह ठेवला. त्या कीर्तनाचें ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळतें. आम्हां वृद्धांच्या सायंकाळच्या बैठकींत तें एकदां लावलें होतें. महाराजांनीं प्रश्न केला, आणि आमच्यांतील एक गृहस्थ, जे पत्नी गेल्यापासून कोणाशीं बोलत नसत, ते भान विसरून मोठ्यानें उत्तर देऊन बसले.