आघातशोषक, मोटारगाडीचा

आघातशोषक, मोटारगाडीचा : खाचखळग्यांवरून जाताना गाडीच्या स्प्रिंगांमध्ये निर्माण होणारी आंदोलने शमविणारे साधन. धक्का वस्तुतः स्प्रिंगच झेलते. परंतु दबलेली स्प्रिंग साठविलेली ऊर्जा परत देताना गाडीला वरखाली झुलवीत राहते. या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे हे आघातशोषकाचे कार्य होय. म्हणून ‘संदमक’ ही संज्ञा अधिक यथार्थ ठरते. तो निकामी झाल्यास चाके रस्त्यावरून उसळतात, वळणावर ताबा कमी होतो व ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते.

इतिहास : घोडागाडीच्या पट्टा स्प्रिंगांतील पात्यांच्या परस्पर घर्षणाने आंदोलने काही प्रमाणात शमत. मोटारगाडीच्या वेगाला हे घर्षण अपुरे पडू लागले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्रुफो या फ्रेंच संशोधकाच्या घर्षण आघातशोषकाचा एडवर्ड हार्टफर्ड यांनी अमेरिकेत प्रसार केला. त्यात एकमेकींवर दाबून बसविलेल्या चकत्यांचे घर्षण उपयोगात आणलेले होते. मात्र असे घर्षण लहान धक्क्यालाही अडवून धरी व धक्क्याच्या वेगाबरोबर वाढत नसे. द्रवाचा गुणधर्म याच्या उलट असतो : अरुंद छिद्रातून तेल सावकाश ढकलल्यास रोध अल्प असतो, वेगाने ढकलल्यास तो वाढतो. या तत्त्वावरील मॉरिस हुदाय यांचे घूर्णी द्रवीय आघातशोषक फोर्ड कंपनीच्या १९२८ सालच्या ‘मॉडेल ए’ गाडीला बसविण्यात आले. पुढे नळीत नळी सरकणारा दुर्बिणीसारखा प्रकार सर्वत्र रूढ झाला.

या प्रकारात आतील नळीत झडपा असलेला दट्ट्या तेलातून सरकतो. दट्ट्याच्या दांड्यामुळे विस्थापित होणारे तेल बाहेरील नळीत जाते. तेथे तेलावर साधी हवा असते. खडबडीत रस्त्यावर दीर्घकाळ वेगाने गेल्यास तेल तापते, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि फेस सहज दाबला जात असल्याने संदमन क्षीण होते. हा दोष दूर करण्यासाठी क्रिस्त्यान बूर्सिए द कार्बाँ या फ्रेंच अभियंत्यांनी एकनळी आघातशोषक विकसित केला. त्यात तरता दट्ट्या तेल व उच्च दाबाचा नायट्रोजन यांना विलग ठेवतो. दाबामुळे तेलात बुडबुडे होत नाहीत; तसेच एकच नळी असल्याने उष्णता थेट बाहेरील हवेत जाते. जर्मनीतील बिल्स्टाईन कंपनीने १९५७ मध्ये मर्सिडीझ-बेंझ गाड्यांसाठी त्याचे उत्पादन सुरू केले. दोन नळ्यांच्या रचनेतच कमी दाबाचा नायट्रोजन भरण्याचा मध्यम मार्गही पुढे प्रचारात आला.

निवड : ‘गॅसच्या’ आघातशोषकात तेल नसते, हा समज चुकीचा आहे. दोन्ही प्रकारांत संदमन तेलच करते. वायू तेलाला केवळ दाबाखाली ठेवतो. साधा द्रवीय प्रकार स्वस्त असून मध्यम वेगाच्या वापरास पुरेसा असतो. वायुदाबाचा प्रकार सततचा वेग, भारी ओझे व डोंगरी रस्ते यांस सरस ठरतो. मात्र तो महाग असतो, पुष्कळदा अधिक कडक भासतो आणि दगड लागून एकनळीला पोचा पडल्यास दट्ट्या अडकू शकतो. गाडीच्या स्प्रिंगांशी त्याचा मेळ बसणे आवश्यक असल्याने निर्मात्याने नेमून दिलेला प्रकार प्रथम विचारात घ्यावा लागतो. एकाच आसावरील दोन्ही आघातशोषक एकाच वेळी बदलणे इष्ट असते. अन्यथा दोन बाजूंचे संदमन असमान होऊन गाडीचा तोल बिघडतो.