एक वाजून पंधरा मिनिटे

डिसेंबर 1948, ब्रुकलिन. पोटदुखीचे कारण शोधण्यासाठी सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे पोट उघडले. पोटातल्या महाधमनीला मोठा फुगा आला होता. तो काढून तिथे दुसरी नळी जोडण्याची सोय तेव्हा नव्हती. निसेन यांनी धमनीभोवती सेलोफेन गुंडाळले. या परक्या वस्तूभोवती शरीर व्रणाची संयोजी ऊती विणेल आणि भिंतीला आधार मिळेल, असा हिशेब होता.

पुढची सहा वर्षे. धमनीच्या भिंतीत इलास्टिन ताण घेऊन पुन्हा मागे येते आणि कोलॅजेन तिला फाटू देत नाही. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज ही एन्झाइम एरवी जुने धागे कापतात, म्हणजे डागडुजीला वाव मिळतो. फुगलेल्या भिंतीत दाहपेशी ती जास्त सोडतात. तंबाखूने फुग्याचा धोका वाढतो. आइन्स्टाइन यांनी अनेक वर्षे पाइप ओढला होता. प्रौढ वयात नवे इलास्टिन जवळजवळ तयार होत नाही. ते झिजले की भिंत पसरते, आणि कोलॅजेनही हरले की ती फुटते. ही कातरणी सहसा दुखत नाही.

13 एप्रिल 1955, बुधवार, दुपार. प्रिन्स्टनच्या घरी आइन्स्टाइन कोसळले. डॉक्टरांनी मॉर्फिन दिले. वय 76.

14 एप्रिल, गुरुवार. न्यूयॉर्कहून सर्जन फ्रँक ग्लेन आले. 1951 मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्त यांनी असा फुगा काढून दात्याची धमनी बसवली होती. आता शस्त्रक्रियेचा पर्याय होता, पण धोका मोठा होता. आइन्स्टाइन यांनी नकार दिला.

15 एप्रिल, शुक्रवार. वेदना वाढल्या. त्यांना प्रिन्स्टन रुग्णालयात हलवले.

16 एप्रिल, शनिवार. मुलगा हान्स आल्बर्ट कॅलिफोर्नियाहून पोहोचला. सावत्र मुलगी मार्गोट त्याच रुग्णालयात उपचार घेत होती.

17 एप्रिल, रविवार. थोडे बरे वाटले. आइन्स्टाइन यांनी चष्मा आणि कागद मागवले. आकडेमोड पुढे सुरू झाली.

रात्री 11. डॉक्टर पाहून गेले. रुग्ण शांत झोपला होता. दोन तास पंधरा मिनिटे उरली होती.

18 एप्रिल, सोमवार, रात्री 1 नंतर. रात्रपाळीच्या परिचारिकेला श्वास बदललेला जाणवला. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली गेली. आइन्स्टाइन जर्मनमध्ये काही पुटपुटले. तिला जर्मन येत नव्हते.

1:15. मृत्यू.

सकाळी टॉमस हार्वी यांनी शवविच्छेदन केले. महाधमनी फुटली होती.

1962. बेडकाचे पिल्लू मोठे होताना त्याची शेपटी कुठे जाते, हे शोधताना जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना कोलॅजेन कापणारे एन्झाइम सापडले. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज कुळातले ते पहिले. रुग्णाला जाऊन सात वर्षे झाली होती.

2020. ही एन्झाइम रोखू शकणारे डॉक्सिसायक्लिन हे औषध लहान फुगे असलेल्या रुग्णांना दोन वर्षे देऊन पाहिले होते. फुग्यांची वाढ थांबली नाही, असा निष्कर्ष आला.

आज. धमनीची रुंदी सोनोग्राफीत काही मिनिटांत मोजता येते. पासष्टी ओलांडलेल्या आणि आयुष्यात कधीही तंबाखू ओढलेल्या प्रत्येक पुरुषाने ती मिनिटे काढावीत. घड्याळ आतून चालू असते आणि त्याचा आवाज येत नाही.