मागांचे गाव आणि पाण्याचा कौल

इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणण्याची जुनी रीत आहे. या उपमेत शहराचे माग दिसतात, नदी मात्र दिसत नाही. शहराचे राजकारण समजून घ्यायचे तर दोन्ही एकत्र पाहावी लागतात.

कोल्हापूरपासून सुमारे 30 किलोमीटरवर, पंचगंगेच्या काठी हे गाव वसले. पुढे नृसिंहवाडीला ही नदी कृष्णेला मिळते. भोवतालची जमीन काळी, उसाची. घोरपडे जहागीरदारांच्या या ठाण्यात 1893 साली नगरपालिका आली. 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्याला आश्रय दिला. मुंबई-सोलापुरात प्रचंड गिरण्या उभ्या राहिल्या; इथे माग घरात, गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये शिरला.

या फरकाचा परिणाम खोल झाला. येथील 'खर्चीवाला' यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. माग त्याचे, पण सूतही त्याचे नाही आणि कापडही. त्याच्याकडचा कामगार कापडाच्या नगावर वा मीटरवर मजुरी घेतो. दोघेही सुताच्या भावाला आणि विजेच्या दराला बांधलेले. मालक आणि मजूर यांच्यातील रेष इथे सुताइतकीच बारीक राहिली.

म्हणूनच या शहराने सहकारी काँग्रेस आणि लाल बावटा या दोघांनाही जवळ केले. सूतगिरणी, साखर कारखाना, बँक अशा संस्थांच्या बळावर कल्लाप्पाण्णा आवाडे यांचे घराणे उभे राहिले. प्रकाश आवाडे 1985 मध्ये आमदार झाले. पण 1990 मध्ये याच मतदारसंघाने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे के. एल. मलाबादे यांना विधानसभेत पाठवले. 1995 पासून पुन्हा आवाडे. 2009 व 2014 मध्ये भाजपचे सुरेश हाळवणकर. 2019 मध्ये अपक्ष प्रकाश आवाडे. 2024 मध्ये त्यांचे चिरंजीव राहुल, भाजपकडून. चिन्हे बदलली, पण लाल बावटा परतला नाही.

लोकसभेत 1977 ते 1996 बाळासाहेब माने सलग निवडून आले. पुढे कल्लाप्पाण्णा आवाडे आणि मग निवेदिता माने. पुनर्रचनेनंतर 2009 पासून 'इचलकरंजी' हे नाव यादीतून गेले, 'हातकणंगले' आले. पहिल्याच निवडणुकीत ऊस आंदोलनाचे नेते राजू शेट्टी विजयी झाले. मतदारसंघाचे नाव शहराकडून तालुक्याकडे गेले आणि खासदारकी उसाच्या चळवळीकडे, हा योगायोग बोलका आहे.

दरम्यान पंचगंगा सांडपाण्याने नासली. त्यात वरच्या गावांचे आणि कारखान्यांचे पाणी होते, तसे इथल्या प्रोसेसिंगचेही होते. शहराला शिरोळ तालुक्यातील मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी आणावे लागले. 2012 मध्ये काविळीची मोठी साथ आली. पुढे दूधगंगेवरील सुळकूड योजना आखली गेली, तेव्हा कागल तालुक्यातून तिला कडवा विरोध झाला. त्यांचीही भीती खोटी नव्हती. शेताला पाणी त्यांनाही हवे होते.

अडचणीचे मूळ इथेच आहे. सुळकूड ज्या कागलमध्ये येते, त्याची विधानसभा वेगळी आणि लोकसभाही वेगळी. इचलकरंजीचा आमदार शहराच्या मतांवर ठरतो. शहराचे पाणी मात्र इतरांच्या मतांवर. 2022 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी हे गणित तसेच राहिले. सूत बाहेरून येते, मजूरही बाहेरून येतात. त्यांना आणण्याची रीत शहराने शंभर वर्षांत घडवली. पाण्यासाठी तशी रीत घडवायची, तर शेजारच्या शेतकऱ्याला आपल्या हिशेबात धरावे लागेल, आणि तसे धरणारे राजकारण अजून या शहरात उभे राहिलेले नाही.