कोळसा, लोणारी

हवा रोखून लाकूड तापवल्यावर उरणारा सच्छिद्र, कार्बनप्रधान घन पदार्थ. कोळसा पाडणे व चुना भाजणे (पहा : चुना) हा महाराष्ट्रातील लोणारी समाजाचा पारंपरिक व्यवसाय. वऱ्हाडात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शेंदूरजनाघाट (ता. वरूड, जि. अमरावती) परिसरात बांधावरची बाभूळ आणि मोडलेल्या संत्राबागांचे लाकूड (पहा : संत्रे) यासाठी योग्य ठरते. लाकूड वाळलेले असावे, हे सर्वांत महत्त्वाचे. ओल्या लाकडाचा बराच भाग पाणी उडवण्यातच जळतो.

घरगुती रीत दोन प्रकारची. खड्ड्यात लाकूड दाटीने रचून पेटवतात, वर पाला व माती घालून बारीक धुराडी ठेवतात. दुसऱ्या रीतीत लाकूड झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून बाहेरून आच देतात. वायू निघून जाण्यास डब्याला छिद्र ठेवणे अनिवार्य. आरंभीचा दाट पांढरा धूर मुख्यतः वाफेचा असतो. तो विरळ व निळसर झाला की सर्व छिद्रे बुजवतात. पूर्ण थंड होण्याआधी उघडल्यास कोळसा पेट घेतो. सुमारे २८० से.च्या पुढे विघटन स्वतःच्या उष्णतेने चालते. मातीच्या भट्टीत वजनाने साधारण १०–२० टक्के कोळसा मिळतो, बंद डब्यात अधिक. धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असल्याने हे काम उघड्यावरच करावे.

लोहारकाम, इस्त्री व शेगडीसाठी उपयोग. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेस उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्राबद्दल २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार कोळसा जंगलाबाहेरचा असला तरी वनोपजच होय (पहा : वनोपज).