इयरफोन आणि कान : आवाजाचा आठवड्याचा कोटा कसा मोजतात?

मी पिरंगुटला राहतो. इथली कॉलेजची पोरं भूगाव, चांदणी चौक करत रोज पुण्याला जातात, आणि बसमध्ये जागा मिळो न मिळो, इयरफोन आधी कानात जातो. खरी गडबड त्या बसमध्येच होते. इंजिन, हॉर्न, कारखान्यांकडे जाणारे ट्रक या सगळ्या गोंगाटावर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला जातो. घरी ४० टक्क्यांवर छान वाटणारं गाणं इथे ८० टक्क्यांवर जातं, तरी ते मोठं वाटत नाही.

आपल्या कानात आत शंखासारखी कॉक्लिया असते. तिच्यात साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचं मेंदूला कळणाऱ्या संदेशात रूपांतर त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, मग मरतात, आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका बसतो ४,००० हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे सुरुवातीला बोलणं नीट ऐकू येतं, फक्त गर्दीत स, श, फ निसटू लागतात. पोरगं सारखं "काय?" विचारतं आणि आई म्हणते, लक्ष नाही याचं!

आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयूच्या मानकानुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास चालतात, मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास. डेसिबल ही सरळ चढणारी मोजपट्टी नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. मुलांसाठी ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला फक्त ५. रोज जाऊन-येऊन दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १२ तास झाले. ८१ डेसिबलवर कोटा बसमध्येच संपला, घरचं गेमिंग अजून बाकीच आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पत्र पाठवून इयरफोनचा आवाज ५० डेसिबलच्या आत आणि वापर दिवसाला दोन तासांच्या आत ठेवायला सुचवलं. हेतू चांगला आहे, पण धावत्या बसमध्ये ५० डेसिबलला काही ऐकूच येणार नाही. माझ्या मते तिथे बाहेरचा गोंगाट अडवणं जास्त कामाचं. कानात घट्ट बसणारी रबरी टोकं किंवा नॉइज कॅन्सलेशन असेल, तर आवाज बराच कमी ठेवूनही भागतं. रस्ता ओलांडताना मात्र ते काढा.

'६० टक्के व्हॉल्यूम' हा नियम ढोबळ आहे, कारण त्याच टक्क्याला वेगवेगळे इयरफोन वेगवेगळे डेसिबल देतात. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये हेडफोनच्या आवाजाची नोंद दिसते, सॅमसंगमध्ये 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट' लावता येते. मुलांच्या फोनमध्ये हे एकदाच करून ठेवा.

गाणी बंद केल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा कान दडे बसल्यासारखे वाटत असतील, तर आवाज जास्त झालाय. सकाळी बरं वाटतं खरं. पण २००९ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले आढळले. अशी लक्षणं वारंवार आली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून ऑडिओमेट्री करून घ्या. तपासणीच्या आदल्या संध्याकाळपासून इयरफोन लावू नका, नाहीतर थकलेल्या कानाचाच आलेख निघेल.