पातळ लॅपटॉप, तापलेली चिप : ओझं कमी करायची चाळीस वर्षं

आजचा भाग एका मेसेजमुळे सुचला. माझा एक मित्र कागल पंचतारांकित एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये कॅम प्रोग्रॅमिंग करतो. गावाहून रोज बाईकवर येतो-जातो, पाठीला सॅक. त्याचा मेसेज असा : "भावा, गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय. डबा नको, पातळ पाहिजे. स्क्रीन एक नंबर पाहिजे. दिवसा ड्रॉइंग बघणार, रात्री गेम खेळणार. हप्त्यावर घेतोय, त्यामुळं चुकायला जागा नाही. कुठला घेऊ?"

मॉडेलचं नाव सांगून मी मोकळा झालो असतो. पण ते नाव पुढच्या दिवाळीपर्यंत जुनं होतं. त्यापेक्षा पातळ, दमदार आणि स्क्रीन चांगली, या तीन गोष्टी एका यंत्रात आणायला लोकांना चाळीस वर्षं का लागली, हे एकदा कळलं की दुकानात कुणी गंडवू शकत नाही. म्हणून आज इतिहास.

अकरा किलोचा "पोर्टेबल"

एप्रिल १९८१. अमेरिकेत ऑसबोर्न १ नावाचा कॉम्प्युटर आला. उचलून नेता येईल असा, बाजारात खपलेला पहिला कॉम्प्युटर म्हणून त्याचं नाव घेतात. वजन साधारण ११ किलो, स्क्रीन फक्त ५ इंची आणि तीही जुन्या टीव्हीसारखी काचेच्या नळीची. आत बॅटरी नाही, म्हणजे जाईल तिथं प्लग शोधायचा. शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसायचा. तरी लोकांनी घेतला, कारण बाकीचे कॉम्प्युटर टेबलावरून हलतच नव्हते.

दुसऱ्याच वर्षी, १९८२ मध्ये, ग्रिड कंपास आला. बिल मॉग्रिज या डिझायनरनं त्याला आज आपण ओळखतो तो आकार दिला : खाली कीबोर्ड, वर स्क्रीन आणि मध्ये बिजागरी. स्क्रीन चपटी होती, नारिंगी उजेडाची. किंमत ८,१५० डॉलर, त्यामुळं सामान्य माणसाचा प्रश्नच नव्हता. नासानं तो स्पेस शटलमधून अंतराळात नेला.

यातली एक गोष्ट कागलच्या माणसाला लगेच समजेल. ग्रिडची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. आपल्याकडं फाउंड्रीत ओततात त्या बिडाची घनता साधारण ७.२, ॲल्युमिनियमची २.७ आणि मॅग्नेशियमची १.७४. म्हणजे तेवढ्याच आकाराचं कास्टिंग बिडाच्या चौथाई वजनात. शिवाय धातू असल्यामुळं आतली उष्णता तीच बॉडी बाहेर टाकायची, पंख्याची गरज नव्हती. ऑइल इंजिनच्या सिलिंडरवर फिन्स असतात ना, त्याच जातीचं काम. सांगायचा मुद्दा : पहिल्या खऱ्या लॅपटॉपपासूनच वजन आणि उष्णता हे दोन प्रश्न एकमेकांना चिकटलेले आहेत.

बाण हरवायचा, ती स्क्रीन

आता तिसरा प्रश्न, स्क्रीन. १९९१ मध्ये ॲपलनं पॉवरबुक आणला. त्यातला १४० आणि १७० दिसायला जवळजवळ सारखेच. मोठा फरक स्क्रीनचा. १४० ला पॅसिव्ह मॅट्रिक्स, १७० ला ॲक्टिव्ह मॅट्रिक्स. पॅसिव्ह स्क्रीनवर ओळी आणि रकाने मिळून ठिपके चालवले जायचे, त्यामुळं चित्र बदलायला वेळ लागायचा. ॲक्टिव्हमध्ये प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा ट्रान्झिस्टर. चित्र झटकन बदलायचं, पण किंमत बरीच चढायची.

पॅसिव्ह स्क्रीनवर माऊसचा बाण जोरात हलवला की दिसेनासाच व्हायचा. म्हणून बाणामागं शेपूट दाखवायची सोय आली. विंडोजमध्ये माऊसच्या सेटिंगमध्ये ती अजूनही आहे, बघा उघडून. ती शेपूट म्हणजे वाईट स्क्रीनची राहिलेली खूण.

पुढं ॲक्टिव्ह मॅट्रिक्स सगळीकडं झाली, पण त्यातही जाती आल्या. टीएन पॅनल स्वस्त आणि वेगवान, पण बाजूनं बघितलं की रंग उलटेपालटे. १९९६ मध्ये हिताचीनं आयपीएस आणलं, जे कुठूनही बघा, रंग जवळपास तसेच. स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र टीएन पुढं वीस-पंचवीस वर्षं ठाण मांडून बसलं.

इथं माझी स्वतःची गोष्ट सांगतो. २०१६ ला इंजिनिअरिंगला असताना घरच्यांनी मला गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला. बाबा फाउंड्रीत मोल्डिंगला होते, चार-पाच महिने ओव्हरटाइम केला त्यांनी. मी ग्राफिक्स कार्ड बघितलं, रॅम बघितली, स्क्रीनकडं ढुंकूनही पाहिलं नाही. पहिल्यांदा पंपाच्या केसिंगचं मॉडेल काढलं आणि बाबांना हाक मारली. ते कामावरून आले होते, पाठीमागं उभे राहिले, वाकले, बाजूला सरकले आणि म्हणाले, "यात काय दिसंना की रं."

खरंच दिसत नव्हतं. टीएन स्क्रीन, उभ्या माणसाला सगळं करडं. ज्या माणसानं आयुष्यभर तसली केसिंग ओतली, त्याला माझं ड्रॉइंग बघायला स्टूल आणून माझ्या बरोबर समोर बसवावं लागलं. त्या दिवसापासून मी आधी स्क्रीन बघतो.

पाकिटातला लॅपटॉप आणि पातळपणाची चूक

जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्जनं कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. जाड बाजूला १९.४ मिलिमीटर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलनं युनिबॉडी आणली, म्हणजे ॲल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून सीएनसीवर कोरलेली बॉडी. सांधे नाहीत, स्क्रू कमी, पातळ असूनही ताठ. आमच्या मित्राच्या शॉपमध्ये दिवसभर चालतं तेच काम, फक्त टॉलरन्स आणि चकाकी वेगळी. २०११ पासून इंटेलनं अल्ट्राबुक म्हणून पातळ विंडोज लॅपटॉप पुढं रेटले. पण यातलं काही गेमिंगचं नव्हतं. गेमिंग लॅपटॉप म्हणजे तेव्हाही तीन-चार किलोचा डबा आणि चार्जर म्हणजे अर्धी वीट.

मग २०१३ मध्ये रेझर ब्लेडचं १४ इंची मॉडेल आलं. जाडी १६.८ मिलिमीटर, वजन १.९ किलोच्या आसपास आणि आत जीटीएक्स ७६५एम. लोक येडे झाले. पण झाकण उघडलं की टीएन पॅनल, १६०० बाय ९०० चं. समीक्षकांनी बाकी सगळ्याचं कौतुक करून नेमकं स्क्रीनवर बोट ठेवलं. पुढच्याच वर्षी कंपनीला ३२०० बाय १८०० ची नवी स्क्रीन द्यावी लागली. म्हणजे महागातला महाग, पातळातला पातळ लॅपटॉपही स्क्रीनवर काटकसर करू शकतो. हे लक्षात ठेवा.

वॅटचा खेळ

मे २०१७ मध्ये एनव्हिडियानं मॅक्स-क्यू जाहीर केलं. हा शब्द रॉकेटशास्त्रातला, उड्डाणात यानावर हवेचा दाब सर्वांत जास्त असतो त्या क्षणाला म्हणतात. कल्पना मात्र साधी. कागलहून कोल्हापूरला हायवेनं ६० च्या स्पीडनं जा किंवा ९० नं जा, वेळ वाचतो काही मिनिटं, पेट्रोल मात्र भसाभस जातं. चिपचंही तसंच. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गानं वाढते. मग शेवटचा थोडासा वेग सोडून दिला तर उष्णता खूप कमी होते. लॅपटॉपमधला पूर्ण जीटीएक्स १०८० दीडशे वॅट खायचा, मॅक्स-क्यू ९० ते ११० मध्ये भागवायचा.

पहिल्यांदा तो आला एसुसच्या झेफिरसमध्ये. १७.९ मिलिमीटर जाडी, आणि झाकण उघडलं की खालचा तळही फटीएवढा उघडायचा, हवा आत घ्यायला. सोबत हीट पाइप होतेच. १९६३ मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हरनं बनवलेली ही युक्ती : बंद नळीत थोडा द्रव, गरम टोकाला वाफ, थंड टोकाला परत पाणी. आज जवळपास प्रत्येक गेमिंग लॅपटॉपच्या पोटात ती तांब्याची चपटी नळी असते.

जानेवारी २०२० मध्ये झेफिरस जी१४ आला. १४ इंच, १.६ किलो, गेम चालवणारं ग्राफिक्स. सॅकमध्ये वहीसारखा. गंमत म्हणजे त्याला वेबकॅमच नव्हता आणि दोन महिन्यांत लॉकडाऊन लागलं, अख्खं जग कॅमेऱ्यासमोर बसलं! प्रत्येक पातळ यंत्रात कुठंतरी कात्री लागलेली असते. ती कुठं लागलीय, एवढंच आपण शोधायचं.

२०२१ पासून आणखी एक घोळ झाला. मॅक्स-क्यूचा शिक्का नावातून गेला. आरटीएक्स ३०७० एकाच नावानं विकला जायचा, पण एका लॅपटॉपमध्ये ८० वॅटचा, दुसऱ्यात १२५ चा. भरपूर वॅटचा ३०६० कमी वॅटच्या ३०७० ला मागं टाकायचा. पुढच्या पिढीतला आरटीएक्स ४०६० तर ३५ पासून ११५ वॅटपर्यंत. नाव तेच, जेवण वेगळं.

मग आपल्या गड्यानं काय बघायचं?

पहिलं, स्क्रीन. कागदावर "फुल एचडी १४४ हर्ट्झ" एवढंच लिहिलं असेल तर तो अर्धा जबाब आहे. हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तेवढंच. रंग विचारा : "४५ टक्के एनटीएससी" लिहिलं असेल तर रंग फिके, ज्याला "१०० टक्के एसआरजीबी" म्हणतात ती घ्या. उजेड किमान ३०० निट्स, शॉप फ्लोअरच्या ट्यूबलाइटखाली ४०० असेल तर उत्तम. ओएलईडीचा काळा रंग बघून जीव हरखतो, पण तासन् तास एकाच जागी राहणारे कॅडचे टूलबार त्यावर कायमचे उमटायची शक्यता असते आणि काहींच्या डोळ्यांना तिची लुकलुक सोसत नाही. बहुतेक ओएलईडी चकचकीतही असतात, ट्यूबलाइट त्यात आरशासारखी दिसते. दिवसभर ड्रॉइंग असेल तर मॅट आयपीएस सुखाची.

दुसरं, ग्राफिक्सचे वॅट. कंपनीच्या साइटवर टीजीपी या नावानं शोधा. पातळ मशिनमध्ये वॅट कमी असणारच, तो दोष नाही, फक्त किती कमी ते माहीत पाहिजे. बॅटरीवर तर कुठलाच गेमिंग लॅपटॉप पूर्ण ताकदीनं पळत नाही, म्हणून वजन मोजताना चार्जरही तराजूत टाका.

तिसरं, हवा. परीक्षणं एसीच्या खोलीत होतात आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये शेडखाली काय हाल असतात ते मी सांगायला नको. त्यात फाउंड्रीच्या वाळूची बारीक धूळ आणि ग्राइंडिंगचे लोखंडी कण. पातळ लॅपटॉपच्या फिन्स दाट असतात, लवकर तुंबतात. तळ साध्या स्क्रू ड्रायव्हरनं उघडतो का, हे विचारा. लॅपटॉप ग्राइंडिंगच्या जागेपासून लांब ठेवा.

चौथं, रॅम. पातळपणासाठी ती बोर्डवरच सोल्डर करतात, २०२४ चा जी१४ तसाच आहे. नंतर वाढवू म्हणून ८ जीबीवर भागवू नका. कॅड आणि गेम दोन्ही करायचं तर आजच १६, जमलं तर ३२.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. त्यानं विचारलं, "मग पातळ घेऊ की नको?" मी म्हटलं, घे. रोजची बाईक आहे, पाठ तुझी आहे. १.६ किलो आणि २.७ किलो यातला फरक मी चार वर्षं केएमटीच्या गर्दीत खांद्यावर घेतलाय. थोडे फ्रेम कमी मिळतील, ते मान्य कर. स्क्रीनवर मात्र तडजोड करू नकोस.

रविवारी तो दुकानात गेला. पेन ड्राइव्हवर स्वतःच्या जॉबचं ड्रॉइंग घेऊन गेला होता. लॅपटॉपवर ते उघडलं आणि दुकानदाराला म्हणाला, "जरा बाजूला उभे राहून सांगा, मापं वाचता येत्यात का?" दोन लॅपटॉप तिथंच बाद झाले. तिसऱ्यावर दुकानदारानं मापं घडाघडा वाचून दाखवली.

तर मंडळी, खरेदीला जाताना सोबत एक माणूस न्या आणि त्याला समोर नाही, बाजूला उभं करा. तुमच्या पहिल्या लॅपटॉपनं तुम्हाला काय शिकवलं, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!