चहात कालवलेली पूड आणि औषधाची खरी गोष्ट



आज मी गटाच्या हिशोबाबद्दल बोलणार नाही. तरी गोष्ट हिशोबाच्या वहीपासूनच सुरू होते.

आमच्या एका गटातल्या ताईंनी दोन हजार रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. कारण लिहिलं, ‘शेळीचं खाद्य’. परतफेडीचे दोन हप्ते थकले म्हणून मी घरी गेले, तेव्हा त्या रडायलाच लागल्या. खाद्य आणलंच नव्हतं. भिंतीवरची जाहिरात वाचून त्यांनी पूड मागवली होती. ‘नकळत द्या, व्यसन सोडवा’ म्हणे. रोज सकाळी मालकांच्या चहात चिमूट चिमूट टाकत होत्या. मालकांचं पोट बिघडलं, पण बिडी काही सुटली नाही. वर घरात संशय शिरला, तो वेगळाच.

त्यांनी मला विचारलं, “मॅडम, मग खरं औषध असतं तरी का?” मला उत्तर देता आलं नाही. “मनाचा निश्चय पाहिजे,” एवढंच मी म्हणाले. घरी आल्यावर ते उत्तर मलाच खोटं वाटायला लागलं, म्हणून मी वाचायला घेतलं. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

खरं औषध असतं, आणि त्याची सुरुवात एका झाडापासून झाली. युरोपात लॅबर्नम नावाचं झाड आहे. त्याला पिवळ्या फुलांचे घोस लोंबतात, आपल्या बहाव्यासारखे. पण तो बहावा नव्हे, आणि ते झाड विषारी आहे. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेना, तेव्हा सैनिक या झाडाची पानं ओढायचे. त्या पानांत सायटिसिन नावाचं द्रव्य असतं आणि ते शरीरात निकोटीनसारखं वागतं. बल्गेरियात त्यापासून मोजूनमापून गोळी तयार केली गेली आणि 1964 मध्ये ती ‘टाबेक्स’ नावाने बाजारात आली. पूर्व युरोपात लोक ती अनेक वर्षं घेत होते, पण बाकीच्या जगाचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही. 2011 साली पोलंडमधल्या वॉर्सा शहरात 740 जणांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. वर्षभराने खरी गोळी घेतलेल्यांपैकी शंभरातले आठ जण सिगारेटपासून दूर होते. दुसऱ्या बाजूला शंभरातले दोनच.

आठ म्हणजे थोडेच की, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं. पण दोनाचे आठ झाले, हेही बघा. आणि भिंतीवरची जाहिरात शंभरातल्या शंभरांची हमी देते, हेही विसरू नका.

दुसरी गोष्ट स्वीडनची. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही. तिथले खलाशी आत असेपर्यंत तोंडात तंबाखू धरून वेळ निभावतात, हे लुंड शहरातल्या डॉ. क्लेस लुंडग्रेन यांच्या लक्षात आलं. 1967 मध्ये त्यांनी औषध कंपनीत काम करणाऱ्या ओव्हे फर्नो यांना पत्र लिहिलं. माणसाला निकोटीन हवं असतं, तर धुराशिवाय ते देता येईल का, असा तो विचार होता. सिगारेटच्या धुरातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत जातं आणि माणूस त्याच्याशी बांधला जातो. फुप्फुसाची आणि हृदयाची नासाडी मात्र मुख्यतः धूर करतो. फर्नो यांनी निकोटीनचं च्युइंगम बनवलं. थोडं चावायचं, मग गालात धरून ठेवायचं, म्हणजे निकोटीन सावकाश अंगात उतरतं आणि तलफ सुसह्य होते. 1978 मध्ये स्वित्झर्लंडने त्याला मान्यता दिली, 1984 मध्ये अमेरिकेने. सुरुवातीला तिथे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायचं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ होते, चक्कर येते, कारण निकोटीन कातडीतून अंगात जातं. अमेरिकेतल्या मरे जार्विक या शास्त्रज्ञांच्या मनात आलं, की मग कातडीवर पट्टी लावून थोडं थोडं निकोटीन देता येईल. त्यांनी आणि जेड रोज यांनी प्रयोग केला, तो आधी स्वतःच्याच अंगावर. ती पट्टी, म्हणजे निकोटीनचा पॅच, 1992 पर्यंत अमेरिकेत मिळू लागली.

मैत्रिणींनो, त्यांनी स्वतःच्या कातडीवर लावून पाहिलं, आणि आपण दुसऱ्याच्या चहात नकळत टाकतो.

चौथं औषध मुळात नैराश्यासाठी होतं. त्याचं नाव ब्युप्रोपिऑन. कॅलिफोर्नियात माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या डॉ. लिंडा फेरी यांनी ते सिगारेट सोडण्यासाठी वापरून पाहिलं. 1997 मध्ये अमेरिकेत त्याला या कामासाठी मान्यता मिळाली. पण फिट येणाऱ्या माणसाला ते देत नाहीत. म्हणून तर चिठ्ठी लागते.

पाचवं व्हॅरेनिक्लिन, 2006 सालचं. त्याचं मूळ त्या पिवळ्या फुलांच्या झाडातल्या सायटिसिनमध्येच आहे. मेंदूत निकोटीनची कुलपं असतात असं समजा. ही गोळी म्हणजे त्या कुलपात अर्धीच फिरणारी किल्ली. अर्धी फिरते म्हणून तलफ कमी होते, आणि जागा अडवते म्हणून बिडी ओढली तरी पूर्वीची मजा येत नाही. या गोळीने मन बिघडतं अशा तक्रारी आल्या, तेव्हा 2009 मध्ये अमेरिकेत पाकिटावर कडक इशारा छापायला लावला. मग आठ हजारांहून जास्त लोकांवर मोठा अभ्यास झाला. तसा गंभीर धोका त्यात वाढलेला दिसला नाही आणि 2016 मध्ये तो इशारा काढला. त्याच अभ्यासात नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण दूर राहिलेले शंभरात किती? व्हॅरेनिक्लिनवाले सुमारे 22, ब्युप्रोपिऑन आणि पॅचवाले सुमारे 16, आणि औषध नसलेली गोळी घेणारे 9.

म्हणजे निश्चय लागतोच. ते नऊ जण औषधाशिवायच दूर राहिले. पण औषध असलं तर त्याच निश्चयाला दुप्पट बळ मिळतं. म्हणून ज्याची बिडी सुटत नाही त्याला नुसतं ‘मनाने कमजोर’ म्हणणं मी आता बंद केलंय.

आपल्या देशात 2002 मध्ये तंबाखूमुक्ती केंद्रं सुरू झाली. आता जिल्हा रुग्णालयात अशी सोय असते. 1800112356 हा सरकारी मोफत फोन नंबर आहे, तो वहीत लिहून ठेवा. निकोटीनचं दोन मिलिग्रॅमचं गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. चार मिलिग्रॅमचं गम आणि गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. पोटात बाळ असेल, हृदयाचा त्रास असेल, दुसरी औषधं चालू असतील, तर ते आधी सांगायचं. आणि मिश्री लावणाऱ्या आपणही त्याच निकोटीनला बांधलेल्या आहोत. फक्त मालकांचा नंबर लावून आपण मागे राहायचं नाही.

या सगळ्या औषधांत एक गोष्ट सारखी आहे. घेणाऱ्याला ती माहीत असतात. तो दिवस ठरवतो, गोळी स्वतःच्या हाताने घेतो, त्रास झाला तर सांगतो. नकळत दिलेल्या पुडीत यातलं काहीच नसतं.

त्या ताईंनी शेवटी मालकांना खरं सांगितलं. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मालकच म्हणाले, “पुढच्या वेळी मला विचारून औषध आण.” गेल्या महिन्यात दोघं जिल्ह्याला जाऊन आले. बिडी अजून पूर्ण सुटलेली नाही, हे मी लपवत नाही.

आणि गटाच्या इतिवृत्तात आम्ही त्या कर्जाचं कारण खोडून नवं लिहिलं, ‘औषधोपचार’. खाली त्या ताईंची सही आहे, आणि माझीही.